अब्राहामची मुलगी

मंगळवारी दुपारी छापखान्याचा माणूस पुस्तिकांचं खोकं व्हरांड्यात ठेवून गेला. मी कात्री आणायला आत गेले तेवढ्यात आपाने बोटांनीच सुतळीची गाठ सोडवली होती. पन्नास वर्षं डोंगरातल्या आमच्या दुकानात बसून त्याने एकही सुतळी कधी कापली नाही. माझा बाप चौऱ्याऐंशीचा आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अक्षरं त्याला आता वाफेतल्या मुंग्यांसारखी दिसतात असं तो म्हणतो. तरी त्याने वरची पुस्तिका उचलली, नाकाशी धरून शाईचा वास घेतला, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ती माझ्यापुढे केली. "माझं नाव कुठे आहे ते वाच, मोई." मोई म्हणजे पोरी. मी पुस्तिका उघडली. शनिवारी आमच्या लेकीचा, तामारचा समारंभ. तेरा वर्षांची झाली की मुलगी सिनगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर तोराह ह्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून वाचते आणि त्या दिवसापासून देवाच्या आज्ञा तिच्या स्वतःच्या शिरावर येतात. तोवर तिच्या चुका आईबापांच्या. तिच्या आधी आम्हा दोघांना गुंडाळीपुढे बोलावणार होते, आधी माझ्या नवऱ्याला, आइन्स्लीला, मग मला. चौथ्या पानावर, क्रमाने, ते छापलं होतं. आइन्स्लीच्या नावापुढे त्याच्या वडलांचं नाव. आणि माझ्या हिब्रू नावापुढे, एलिशेवापुढे, अब्राहाम आणि सारा यांची मुलगी. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सोळा वर्षं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि बापाच्या गुडघ्यावर पुस्तिका उघडी असताना ते छापलेलं दिसणं, ह्यांत किती अंतर असतं ते मला तेव्हाच कळलं. "वाच ना," आपा म्हणाला. मी वाचलं, "एलिशेवा, येप कोंगसांग यांची मुलगी."

आमच्यात, म्हणजे माझ्या माहेरच्या हाक्का लोकांत, पोटच्या पोराने बापाचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. अठ्ठेचाळीस वर्षांत मी ते एकदाही घेतलं नव्हतं. शाळेच्या अर्जावर लिहिलं, पण तेव्हाही ओठ मिटून. पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं ते असं, खोटं होऊन. आपाने चेहरा रस्त्याकडे वळवला. उठला, विजारीवर नसलेली धूळ झटकली आणि पुन्हा बसला. "आणखी एकदा वाच." मी आणखी एकदा वाचलं. मी खोटं बोलत नाही. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लावण्याआधी, आत्मा परत दिलास म्हणून देवाचे आभार मानते, मग पेल्याने आळीपाळीने दोन्ही हातांवर पाणी घेते, त्या हातांनी निषिद्ध खाणं शिवत नाही की कुणाबद्दल वाईट लिहीत नाही. दिवसातून तीनदा प्रार्थना म्हणते, त्यात एक ओळ अशी आहे की माझी जीभ कपटापासून राख. त्या दिवशी दुपारची प्रार्थना करताना त्या ओळीशी आले आणि पुढे जाता येईना. थांबले. मग ती ओळ वगळून पुढे गेले.

दोष त्या पुस्तिकेचा नव्हता, त्याआधीचा होता. महिन्यापूर्वी आपाने विचारलं होतं, मोई, तुमच्या देवळात त्या दिवशी नेमकं काय करतात. मला त्याने विचारलं ह्याचाच इतका आनंद झाला की मी सगळं सांगत बसले. की गुंडाळी कातड्यावर हाताने लिहिलेली असते, एक अक्षर चुकलं तरी ती वाचायला चालत नाही. की गुंडाळीपुढे कुणालाही नुसत्या नावाने बोलावत नाहीत, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी असं बापाच्या नावासकट बोलावतात. इथवर आले आणि आपाचं तोंड किंचित उघडं राहिलेलं पाहिलं. पुढचं वाक्य, की माझ्यासारखे जे बाहेरून आले त्यांना अब्राहामचंच नाव लावतात, ते माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. तो म्हणाला, "बापाच्या नावासकट? सगळ्यांसमोर? पुस्तकातून?" मी म्हटलं हो. मग त्याने दुसऱ्या दिवशी पेटीतून सूट काढायला लावला.

त्याला त्यात काय दिसलं ते मला न सांगता कळलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो ह्या बेटावर उतरला तेव्हा बंदरावरच्या कारकुनाने त्याचं नाव उलटं लिहून घेतलं. येप हे कुळाचं नाव पहिलं येतं, ते कारकुनाने टाकून दिलं आणि कोंगसांग हे आडनाव केलं. म्हणून आम्ही चौघी बहिणी शाळेत कोंगसांग, म्हणजे मास्तर हजेरी घेताना रोज चारदा आमच्या बापाचं नाव घ्यायचे, आणि घरी आम्ही ते उच्चारायचं नव्हतं. डोंगरात तर तेही कुणी म्हणत नसे. इथे प्रत्येक चिनी दुकानदार मिस्टर चिन. "मिस्टर चिन, अर्धा पौंड खारा मासा." "मिस्टर चिन, एवढ्या बारीक डोळ्यांनी घड्याळात किती वाजले ते दिसतं का?" तो हसायचा आणि मासा तोलायचा. त्याचं खरं नाव ह्या बेटावर एकाच ठिकाणी नीट लिहिलेलं आहे, चिनी कबरस्तानात, आमेच्या, म्हणजे आईच्या, दगडावर, तिच्या नावाशेजारी, लाल रंगात. कारण तो अजून जिवंत आहे. गेल्यावर काळा करायचा. गावाकडून पुतण्याने कुळाच्या वंशावळीची नक्कल पाठवली होती. ती आपाने मला दाखवली तेव्हा डोळे बरे होते त्याचे. त्याच्या नावाखाली कोरी जागा. भावांच्या नावाखाली फांद्या फुटलेल्या, ह्याच्या खाली काहीच नाही. मुली त्यात लिहीत नाहीत. तो म्हणाला, "मी चौघींना वाढवलं आणि बघ, मी तिथे वठलेला." हसूनच म्हणाला. नंतर ती नक्कल कुठे गेली मला माहीत नाही. तेव्हा आता एका पुस्तकासमोर, जिथे एक अक्षर चुकवता येत नाही, कुणीतरी मोठ्याने म्हणणार होतं की हा माणूस कुणाचा तरी बाप आहे. चौऱ्याऐंशी वर्षांत एकदा. माझ्या तीन बहिणी टोरोंटोला आहेत. राहिले होते मीच, आणि माझ्याकडेच त्याचं नाव नव्हतं.

बुधवारी मी मिस्टर दे पास यांच्याकडे गेले. ते आमची प्रार्थना चालवतात; रब्बी ह्या बेटावर टिकत नाहीत, येतात आणि उकाड्याला कंटाळून जातात. मिस्टर दे पास यांनी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं, अजूनही बोलताना मात्रा मोजून दिल्यासारखे बोलतात. रिकाम्या सिनगॉगमध्ये ते फरशीवरची वाळू दाताळ्याने सारखी करत होते. आमच्याकडे जमिनीवर वाळू असते, पावलांचा आवाज होत नाही. मी चपला काढल्या नाहीत, तरी उगीच काढाव्याशा वाटल्या. मी विचारलं, माझ्या नावापुढे माझ्या वडलांचं नाव घेता येईल का. त्यांनी दाताळं खांबाला टेकवलं. "मर्ल, अब्राहाम हा काही कमी बाप नाही." मी म्हटलं, "कमी म्हणत नाही मी. पण माझा बाप पहिल्या रांगेत बसलेला असणार." "त्यांना वाईट वाटेल?" "मी त्यांना सांगितलंय की त्यांचं नाव घेणार म्हणून." ते म्हणाले, "असं का सांगितलंस?" मी विचारलं, "दोन्ही नावं घेतली तर?" "पुस्तिकेत तू हवं ते छापू शकली असतीस. मागच्या पानावर त्यांचा फोटो घालायचा, आभार मानायचे. पण गुंडाळीपुढची हाक ही साक्ष असते. तिथे मी सोयीचं बोललो तर उद्या कुणी म्हणेल, हिचं येणंच सोयीचं होतं. मग तुझ्या पोरीचं काय? तिच्याकडे बोट दाखवायला वेळ लागत नाही. आत्ताच मागच्या बाकावर दोघी-तिघी बोलतात, तुला माहीत आहे." मला माहीत होतं. मग ते अगदी हळू म्हणाले, "आणि ते नाव आम्ही तुला चिकटवलं नाही गं. तू मागितलंस. मी होतो तिथे."

ते होते तिथे. मी ज्यू धर्म घेतला त्या सकाळी, हेलशरच्या किनाऱ्यावर, तिघे वडीलधारे समुद्राकडे पाठ करून उभे, आइन्स्लीची झिलाआत्या आणि दुसरी एक बाई चादर धरून कमरेएवढ्या पाण्यात, आणि चादरीच्या आड मी, अंगावर काहीच नाही, कानातल्या कुड्यासुद्धा नाहीत. तीनदा बुडी मारायची होती. तिसऱ्यांदा मी जरा जास्तच वेळ खाली राहिले. कानांत पाणी भरलं होतं, खालून समुद्र नुसता हुं हुं करत होता, आणि तेव्हा मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना मी सांगते की देव जवळ आल्यासारखं वाटलं. तेही वाटलं. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, मी कुणाचीच नव्हते. खाऱ्या माशाचा वास नाही, घासलेटाच्या डब्यावर बसून केलेला अभ्यास नाही, काउंटरच्या पलीकडून डोळ्यांचे कोपरे ओढून चिंगचाँग करणारी पोरं नाहीत, त्यांना आपाने हसून दिलेली खाऊची गोळी नाही. ती गोळी मला कधी सहन झाली नाही. वर आले तेव्हा चादरीवर ऊन होतं आणि झिलाआत्या रडत होती. मिस्टर दे पास यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, नाव काय घेणार? आणि पुढे ते स्वतःच म्हणाले, अब्राहामची मुलगी. मला ते इतकं गोड लागलं. त्या दिवशी मला आपाची आठवणसुद्धा आली नाही. पुढच्या रविवारी डोंगरात जाऊन मी नुसतं इतकंच सांगितलं की आता मी डुकराचं खाणार नाही. आपा म्हणाला, "सोडलंस तर सोडलंस. त्याने तुझा देव जाड होणार का बारीक?" आमे हसली, आणि माझ्यासाठी सुकवलेल्या पाल्याबरोबर बकरीचं मटण शिजवलं. ते वातड झालं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

गुरुवारी संध्याकाळी मी आइन्स्लीला सांगितलं की मी वर जाणार नाही. तो स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशे पसरून बसला होता, जमिनी मोजायचं काम करतो तो, पेन्सिल कानावर. "कुठे वर?" "गुंडाळीपुढे. तू जा, तामार जाईल. मी खाली बसते आपाजवळ." त्याने पेन्सिल कानावरून काढली. आइन्स्ली जन्माने ज्यू आहे, म्हणून त्याला त्याची काळजी नसते. शनिवारी क्रिकेट ऐकतो, बाहेर काय खातो ते मी विचारत नाही. झिलाआत्या म्हणते, आमच्या घरात एकच ज्यू आहे, ती हाँगकाँगहून मागवली. हाँगकाँगशी माझा काही संबंध नाही. "मर्ल," तो म्हणाला, "पाचशे वर्षं आमच्या घराण्यात सगळे आळशी निघाले. त्या पोरीला आशीर्वचन कुणी शिकवलं? मी? मला तर मधली ओळ आठवत नाही. तू वर नाही गेलीस तर लोक काय समजतील?" मी म्हटलं, आपाला मी खोटं सांगितलंय. कशाबद्दल ते सांगितलं. तो ऐकून घेता घेता नकाशाची सुरळी करत राहिला, खूप घट्ट. "मग त्याला खरं सांग. म्हातारा समजूतदार आहे." "तू सांगशील?" त्याने सुरळीला रबर अडकवलं. दारात तामार उभी होती हे मला उशिरा दिसलं. पायांत मोजे, केस ओले. तिने किती ऐकलं कोण जाणे. ती म्हणाली, "मम्मी, तू वर नसशील तर मी सुरुवात कुणाकडे बघून करू?" एवढंच. मग फ्रीज उघडून उभी राहिली, काही न काढता. तेरा वर्षांची पोर फ्रीजच्या उजेडात उभी होती आणि तिची मान मागून अगदी आमेसारखी दिसत होती. मी म्हटलं, "येईन. दार लाव ते."

शुक्रवारचा सबंध दिवस मी वाक्य जुळवत होते. नूडल्स उकळताना, त्या लांबच राहाव्यात म्हणून न कापता परातीत उतरवताना. समारंभ कुठलाही असो, आयुष्य लांब व्हावं म्हणून त्या घरात हव्यातच. आपा, एक सांगायचंय. आपा, आमच्या धर्मात काय आहे की. आपा, तू रागावू नकोस. तो रागावला असता तर सोपं झालं असतं. माझ्या आयुष्यात तो माझ्यावर कधी रागावला नाही. सूर्य मावळायच्या अठरा मिनिटं आधी मी शब्बाथचे, विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले, तीनदा हात ज्योतीवरून आपल्याकडे ओढून डोळे झाकले. झाकल्या डोळ्यांनी त्या वेळी जे मागायचं ते मागता येतं. मी मागितलं की त्याला उद्या ऐकू येऊ नये. कान चांगले आहेत त्याचे, ते एकच राहिलंय त्याच्यापाशी, आणि मी दिव्यापुढे तेच मागितलं. हात काढले तर आपा नेहमीसारखा खुर्चीत, दिव्यांकडे तोंड करून. त्याला ज्योती दिसत नाहीत, दोन पिवळे डाग दिसतात, ते त्याला आवडतात. दुपारीच केस कापून आला होता, मानेवर पांढरी पावडर. मी त्याच्याजवळ बसले. "आपा, उद्या—" "मीही तेच विचारणार होतो," तो म्हणाला. "नाव घेतलं की मी उभं राहायचं का? आपल्या चिनी संघाच्या सभेत उभं राहून वाकतात. इथे वाकलेलं चालतं का? नाही तर तुझं हसं व्हायचं." त्याच्या हाताला साबणाचा वास येत होता. माझं जुळवलेलं वाक्य मला आठवेना. मी म्हटलं, "नको. तू बसूनच राहा." "बसूनच?" "हो. बसलेलंच चांगलं दिसतं." तो म्हणाला, "बरं." मी त्याच्या मानेवरची पावडर पुसली.

शनिवारी सिनगॉग भरलं होतं. पनामाहून आइन्स्लीची चुलत बहीण आली होती, माझ्या शाळेतल्या बायका होत्या, कबरस्तान समितीचे चिनी म्हातारे टाय लावून मागे बसले होते आणि कुठे उठायचं कुठे बसायचं ह्यासाठी एकमेकांकडे बघत होते. आपा पहिल्या रांगेत, डोक्यावर आइन्स्लीने दिलेली पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जरासा पुढे झुकून. त्याच्या शेजारी झिलाआत्या. तिला तिथे मीच बसवलं होतं, त्याला सोबत म्हणून. मिस्टर दे पास यांनी मला एवढं वचन दिलं होतं की ते फक्त हिब्रूत म्हणतील, आणि भरभर. आइन्स्ली गेला, आला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मान खाली घालून हाक दिली, खरंच भरभर, सगळं एका श्वासात. मी चालू लागले. वाळूत पावलं वाजत नाहीत. चार पायऱ्या चढले, गुंडाळीपुढे उभी राहिले, आणि वळून तामारकडे बघायचं म्हणून बघितलं तर तिच्या अलीकडे मला झिलाआत्या दिसली. पुस्तिका तिच्या हातात उघडी होती. चौथं पान. आंधळ्या माणसाला काही कळत नसेल म्हणून, मायेने, ती एकेका शब्दाखाली बोट ठेवून आपाच्या कानाशी वाचून दाखवत होती. तिचे ओठ हलताना मला दिसले. तिला मी हाक मारू शकत नव्हते. हात करू शकत नव्हते, हात गुंडाळीच्या दांड्यांवर होते. सगळे थांबले होते. मिस्टर दे पास यांनी चांदीची सळई त्या ओळीवर ठेवली आणि मला सुरू कर म्हणून मान हलवली. आशीर्वचन मला झोपेतही येतं, म्हणून ते आलं. ज्याने आम्हाला निवडलं तो धन्य असो. माझा आवाज मला चांगला वाटला, हे आठवून आताही नकोसं होतं. म्हणता म्हणता मी पाहत होते. आपा तसाच पुढे झुकलेला होता. मग त्याने झिलाआत्याकडे तोंड वळवून काहीतरी विचारलं, तिने पुन्हा त्याच ओळीखालून बोट फिरवलं. त्याने मान डोलावली, आभार मानल्यासारखी. आणि मग त्याची पाठ हळूहळू, फार हळूहळू मागे गेली आणि बाकाला टेकली.

तामारने सुंदर वाचलं. एकदाही अडखळली नाही. ती वाचत असताना आपाने डोळे मिटले होते आणि त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्याला काही लागलेलं नाही. झिलाआत्याने वेगळंच काही सांगितलं असेल. त्याला अब्राहाम कोण ते माहीत नसेल. माणूस उभ्या उभ्या किती बारीक बारीक काड्यांचा आधार घेतो. शेवटचं गाणं झालं, मुलांनी रिवाजाप्रमाणे तामारवर साखरेच्या गोळ्या फेकल्या, काही वाळूत पडल्या त्या उचलायला पोरं बाकांखाली घुसली, आणि आम्ही तिघं अंगणातल्या मोठ्या मांडवात येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घ्यायला ओळीने उभे राहिलो. मला वाटलं आपा माझ्या बाजूला येऊन उभा राहील, तशी खुर्चीही ठेवली होती मी. तो आला नाही. तो लोकांच्या रांगेत उभा होता. माझ्यापासून सात-आठ माणसं मागे. पनामाची बहीण त्याच्या पुढे होती, ती मागे वळून मोठ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही आजोबा ना? मर्लचे वडील?" आपाने टोपी सारखी केली. "नाही हो," तो म्हणाला. "मी दुकानदार. तिकडे डोंगरात दुकान होतं माझं. ह्या मंडळींकडे तांदूळ जायचा माझ्याकडून." "अरे वा. आणि एवढ्या लांबून आलात." "बोलावलं त्यांनी. माणसं चांगली आहेत."

मी एका बाईचा हात धरून होते, तिचं नाव आता आठवत नाही. ती तामारच्या झग्याबद्दल काही सांगत होती. आणि मला ती गोष्ट आठवली, जी आपाने आम्हाला एकदाच सांगितली होती, पावसाने घाट बंद झाला होता आणि गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. त्याची एक थोरली बहीण होती. अकरा महिन्यांची असताना तिला नदीपलीकडच्या घरी देऊन टाकली, तिथल्या मुलासाठी सून म्हणून वाढवायला. तिकडे देत असत. आपा सात वर्षांचा असताना तिचं लग्न लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन गेली. दोघं सगळ्यात बाहेरच्या टेबलावर बसली. कुणी विचारलं तर आई म्हणाली, आम्ही पलीकडच्या गावचे, कापड विकतो. नवरी जवळून गेली, आईने भात खाणं थांबवलं नाही. परतताना होडीत तिने त्याला सांगितलं की दिलेली मुलगी समोर आली तर ओळख दाखवायची नाही. ओळख दाखवली तर त्या घरात तिचा पाय डळमळतो. एवढी गोष्ट. आणि ती सांगून आपा आम्हा चौघींकडे बघत म्हणाला होता, मला लोकांनी खूप सांगितलं, चार-चार काय करतोस, वरच्या दुकानवाल्या बाईला मूल नाही, तिसरी तिला दे. तिसरी मी. मी तिसरी होते. "मी म्हटलं, माझ्या घरातून मुलगी द्यायची नाही." तेव्हा मी दहा वर्षांची होते, बिस्किटांच्या पेटीवर बसले होते, आणि मला त्या वरच्या दुकानवाल्या बाईच्या घरचा पंखा आठवला होता. त्यांच्याकडे छताला पंखा होता.

रांग पुढे सरकली. पनामाच्या बहिणीने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आइन्स्लीकडे गेली. आपा माझ्यासमोर उभा राहिला. इतक्या जवळून त्याला माझा चेहरा थोडा दिसतो, मला माहीत आहे. त्याने हात पुढे केला. "अभिनंदन, मिसेस अल्व्हारेंगा," तो म्हणाला, गिऱ्हाइकांशी बोलायचा त्या इंग्रजीत. "तुमच्या मुलीने फार छान वाचलं." हात कोरडा होता आणि हलका. त्याच्या मागे मिस्टर दे पास होते, त्यांच्यामागे मागच्या बाकावरच्या त्या दोघी, सगळे हसऱ्या तोंडांनी ऐकत होते. तामार माझ्या पलीकडे कुणाच्या तरी गळ्यात पडली होती, तिला काही कळलं नाही. मी 'आपा' म्हणणार होते. तोंड उघडलंही. त्याने अगदी थोडी, माझ्याखेरीज कुणाला दिसणार नाही एवढी, मान हलवली, नको, अशी. आणि मी म्हणाले, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

त्याने माझा हात सोडला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.